पाण्याखालचे गाव, टेकडीवरचे घर

युक्रेनची राजधानी कीव्ह. तिथून आग्नेयेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर पेरेयास्लाव नावाचे एक जुने शहर आहे. 2017 च्या जून महिन्यात आम्ही पती-पत्नी तिथे गेलो, ते खरे तर भाच्यामुळे. भाचा कीव्हमध्ये डॉक्टरकी शिकत होता. इथल्या खाजगी महाविद्यालयांची फी झेपत नाही म्हणून आपल्याकडची पुष्कळ मुले त्या काळात तिकडे जात. बहिणीच्या जिवाला घोर लागलेला. पोरगा खातो काय, राहतो कुठे. तो घोर मिटवायला आम्ही गेलो होतो. परीक्षा आटोपल्यावर भाचा म्हणाला, "मामू, तुम्हांला जुन्या घरांची आवड आहे ना? चला, एक जागा दाखवतो. मुमानीलाही आवडेल."

ती जागा म्हणजे उघड्या आभाळाखालचे संग्रहालय. आपल्याला संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि मंद दिवे आठवतात. इथे घरेच्या घरे उभी होती. गावोगावची जुनी लाकडी-मातीची घरे, पवनचक्क्या, चर्च, लोहाराची भट्टी, सारे मूळ जागेवर उकलायचे, तुळईवर नि फळीवर आकडे घालायचे आणि इथे आणून त्याच क्रमाने पुन्हा उभे करायचे. ही कल्पना स्वीडनची. 1891 साली आर्टुर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने स्टॉकहोममध्ये असे पहिले संग्रहालय उघडले, त्याचे नाव स्कान्सेन. तेव्हापासून युरोपात पुष्कळ ठिकाणी अशा जागांना स्कान्सेनच म्हणतात. युक्रेनमधले या प्रकारचे पहिले संग्रहालय पेरेयास्लावचे. 1964 साली ते सुरू झाले. कीव्हच्या वेशीवर पिरोहिव येथे याहून कितीतरी मोठे आहे. पण त्याची स्थापना 1969 ची आणि लोकांसाठी ते खुले झाले 1976 मध्ये. थोरला मान पेरेयास्लावचा.

हे संग्रहालय ज्या टेकडीवर आहे तिचे नाव तातार टेकडी. भाचा हसून म्हणाला, "मामू, बघा, आपल्या नात्यातली टेकडी." आम्हीही हसलो. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. त्याबद्दल पुढे सांगू.

घराला तिकडे 'खाता' म्हणतात. आपल्या कानाला हिशेबाचे खाते ऐकू येते, आणि दिवस संपेपर्यंत आम्हांला ते तसेच ऐकू येत राहिले. बुटक्या भिंती, लाकडी सांगाड्यावर चोपलेली माती, वरून पांढरा हात. छपराला राईच्या पेंढ्याचा किंवा बोरूचा जाड थर. आत शिरले की खोलीचा मोठा भाग एका चुलाण्याने व्यापलेला. त्याला 'पीच' म्हणतात. भाकरी त्यातच भाजायची, ऊबही तीच देणार, आणि म्हातारी माणसे व लेकरे थंडीत तिच्याच माथ्यावर झोपणार. पीचच्या समोरच्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरी, त्यांच्यावर भरतकाम केलेला लांब कापडी पट्टा, 'रुश्निक'. मूल जन्मले तर रुश्निक, लग्नात रुश्निक, मयतीत रुश्निक. पाहुणा आला तर रुश्निकवर भाकरी नि मीठ ठेवून सामोरे जायचे. आमच्या पत्नी म्हणाल्या, "म्हणजे दस्तरखानच की."

मग त्या एकदम खाली वाकल्या आणि जमिनीला हात लावला. "अहो, ही तर सारवलेली आहे!"

दाराशी खुर्ची टाकून एक आजीबाई बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, सत्तरीच्या आसपासच्या. अशा संग्रहालयांत घराला एक राखणदार बाई असते. हात लावू नका, वाकून या, एवढे सांगण्यापुरती. जमिनीला हात लावणारी परदेशी बाई पाहून त्या उठल्या. मातीत काय काय कालवता, असे पत्नींनी भाच्याकरवी विचारले. चिकणमाती आणि शेण, असे उत्तर आले. मग दोघींनी हातानेच एकमेकींना सारवण्याचा फराटा कसा ओढायचा ते दाखवले आणि दोघी हसल्या. भाच्याचे काम तेवढ्यापुरते संपले. ईस्टरच्या आधी घर पांढरे करायचे, जमीन लिंपायची, हा तिथल्या बायकांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. इथल्या घरांनाही तो चुकत नाही, कारण माती न लिंपता ठेवली की दोन पावसाळ्यांत पडते. काचेच्या कपाटातल्या वस्तूला नुसते पुसावे लागते. मातीच्या घराला हात लागतो.

बोलता बोलता आजी म्हणाल्या, "माझे घर इथे नाही. माझे पाण्यात आहे."

द्नीप्रो नदी म्हणजे युक्रेनची जीवनरेखा. आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत तिला नीपर म्हणत. सोव्हिएत काळात या नदीवर एकाखाली एक अशी सहा मोठी धरणे बांधली गेली. पहिले 1932 साली पुरे झाले, शेवटचे कानिवचे. कानिवचा जलाशय 1970 च्या दशकाच्या मध्याला भरला, आणि पेरेयास्लावच्या आसपासची नदीकाठची गावे त्यात गेली. व्युनिश्चे गेले. आंद्रुशी गेले. 1845 साली कवी तारास शेवचेंको या भागात राहिला होता, तेव्हा त्याने आंद्रुशीची चित्रे काढली होती. ते गाव आता त्या चित्रांत आहे. जलाशय भरण्याआधी तळ साफ करायचा, असा नियम होता. म्हणजे ज्याचे घर त्यानेच ते उतरवायचे, ज्याची बाग त्यानेच ती तोडायची. पाण्याखाली झाडे राहिली तर नावांना अडथळा. आजींच्या वडिलांनी स्वतः लावलेले नासपतीचे झाड स्वतः तोडले. त्या वेळी संग्रहालयाची माणसे टेप घेऊन गावात फिरत होती. शेजाऱ्याच्या घराच्या मोठ्या तुळईवर जुने साल कोरलेले होते. ते घर निवडले गेले. आजींचे घर लढाईनंतर बांधलेले, छपरावर पत्रा. त्याचे मोल नव्हते. आता त्या ज्या घराची राखण करत होत्या, ते तिसऱ्याच गावाहून आलेले होते. ते गाव त्यांनी कधी पाहिलेही नव्हते.

आम्ही गप्प झालो, त्याला आमचेही कारण आहे. भीमेकाठचे आमचे जुने गाव त्याच दशकात धरणाखाली गेले. नव्या गावठाणात जाताना वडिलांनी घराची सागवानी चौकट काढून आणली. ती नव्या भिंतीला मोठी पडली, म्हणून वर्षानुवर्षे अंगणात टेकून उभी होती. तिला लागून आम्ही वाढलो. कब्रस्तान मात्र आणता येत नाही. ऐन उन्हाळ्यात पाणी खाली गेले की चिखलातून वाट काढत लोक फातेहा पढायला जातात. कुणाची कबर कुठे, हे आता सांगू शकणारी दोनच माणसे राहिली आहेत. त्यांचेही एकमत होत नाही.

म्हणून त्या टेकडीवर जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो निव्वळ परमुलखातला नव्हता. ज्या राजवटीने गाव बुडवले, तिच्याच पैशाने, तिच्याच शिक्क्याने गावातले एक घर उचलून टेकडीवर ठेवले. हे पुण्य म्हणायचे, प्रायश्चित्त म्हणायचे, की खुनाने मयताच्या नावाने बांधलेली पाणपोई?

परतीच्या वाटेवर भाचा म्हणाला, "पण मामू, वीज तर लागतेच ना? आमच्या हॉस्टेलचा दिवा कुठून पेटतो?" पोराचा मुद्दा खोटा नव्हता. धरणे नकोत, असे म्हणायला आम्हीही तयार नाही; आमच्या जिल्ह्यातला ऊस आणि आमच्या घरातला नळ दोन्ही त्या पाण्यावर चालतात, आणि बुडालेल्या गावचा माणूस तहानलेल्या गावच्या माणसासमोर फार ताठ बोलू शकत नाही. ज्याने सोसले त्याला विचारले होते का, आणि ज्याला मिळाले तो त्याचे काही देणे मानतो का, हे दोन प्रश्न तरीही उरतात. पहिल्याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच आहे. इथे नोटिशी आल्या, तिथे हुकूम आला. आम्हांला अडवते ते दुसरे. देणे मानण्याची एक रीत म्हणून जपणूक चालते का?

पहिल्या दिवशी आमचे उत्तर 'नाही' असे होते, आणि ते रागाचे होते. घर उचलून नेले, माणूस नवीन वसाहतीत टाकला. यात घराची कदर झाली, माणसाची नाही. पुढे आम्ही मिखाइलो सिकोर्स्की या माणसाविषयी वाचले, तेव्हा तो राग जरा निवला. सिकोर्स्की 1923 साली जन्मले आणि 2011 मध्ये वारले. 1951 पासून अनेक दशके त्यांनी पेरेयास्लावचे संग्रहालय चालवले. एवढ्याशा शहरात दोन डझनांच्या आसपास संग्रहालये उभी राहिली ती त्यांच्या ध्यासामुळे. धरण बांधण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. तो थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या हातात एक टेप, काही ट्रक, थोडे सुतार आणि थोडा वेळ होता.

त्या टेकडीवर त्यांची एक गंमतशीर निशाणी आहे. व्युनिश्चे गावचे सेंट पारास्केवाचे लाकडी चर्च, 1891 सालचे. गाव बुडाले, चर्च उकलून टेकडीवर आले. पण नास्तिक राजवटीत चर्च कशाला जपायचे, याला सरकारी कागदावर उत्तर हवे होते. तेव्हा त्या चर्चमध्ये अंतराळ संग्रहालय मांडण्यात आले. घुमटाखाली उपग्रह आणि अंतराळवीरांचे सामान. आम्ही आत शिरलो तेव्हा आधी हसू आले, मग हसू आवरले. प्रार्थनेच्या जागेत रॉकेट मांडलेले पाहून भाविकाच्या मनाला काय वाटले असेल? आणि रॉकेट मांडले नसते तर त्या लाकडाचे काय झाले असते? त्याची मोळी झाली असती. खोटेपणा पाप आहे, हे आपण लहानपणापासून शिकतो. पण दुसऱ्याची ठेव वाचवण्यासाठी चोराच्या समोर केलेली बतावणी तराजूच्या कोणत्या पारड्यात टाकायची, हे शिकवणारे फार कमी भेटतात. आमचे मत विचाराल तर आम्ही सिकोर्स्कींच्या बाजूचे. मात्र या बतावणीला मुदत असते. चोर गेला की पाटी बदलली पाहिजे. नंतरच्या माणसांनीही रॉकेटच दाखवत राहिले आणि गावाचे नाव गाळले, तर मग ती बतावणी उरत नाही, लपवाछपवी होते.

पाटीचा मुद्दा आम्हांला जितका विचार करावा तितका मोठा वाटू लागला. कारण वस्तू स्वतः बोलत नाही. ती देखणी दिसते, एवढेच. जूनचे ऊन, पांढऱ्या भिंती, दारात सूर्यफुले, पेंढ्याचे छप्पर. पाहणारा म्हणतो, काय सुखाचे जिणे असेल! शेवचेंकोला याची चीड होती. तो स्वतः जमीनदाराचा गुलाम म्हणून जन्मला. 1838 साली पैसे भरून त्याची सुटका करण्यात आली. पुढे हद्दपारीत, 1850 मध्ये, त्याने एक कविता लिहिली. खेड्यातल्या झोपडीला स्वर्ग म्हणणाऱ्या बड्या घरच्या पोरांना तो तीत सुनावतो: त्या झोपडीत आमच्या आईचे आणि बापाचे काय झाले ते तुम्हांला ठाऊक नाही. युक्रेनमध्ये शेवचेंकोला जे स्थान आहे ते आपल्याकडे संतकवींना असते तसे. त्याच्याच देशात त्याने ज्याबद्दल सावध केले ते चित्र पर्यटकांना दाखवले जाते, हे त्या लोकांनाही कळते. टेकडीवर जमीनदाराच्या चाबकाचे घर नव्हते. तो चाबूक उकलून आणता येत नाही.

याच टेकडीवर भाकरीचे संग्रहालय आहे. नांगर, विळे, घमेली, गावोगावच्या भाकऱ्या, आणि जाती. दगडाची जाती पाहून पत्नी तिथेच रेंगाळल्या. आपल्याकडे जाते म्हणजे पहाट, आई आणि ओवी. युक्रेनमधल्या म्हाताऱ्या माणसांना जाते पाहून आणखी काही आठवते. 1932-33 साली सरकारने शेतकऱ्यांच्या घरातले धान्य ओढून नेले. ऑगस्ट 1932 च्या कायद्याने सामूहिक शेतातले धान्य घेणे हा असा गुन्हा ठरला की त्याला गोळी किंवा निदान दहा वर्षे कैद; मळणीनंतर पडलेली कणसे वेचणारेही त्यात सापडले. पथके घरोघर फिरून भिंती नि जमिनी उकरत. आणि जाती फोडत. मूठभर दाणे लपलेच तर ते दळता येऊ नयेत म्हणून. युक्रेनच्या लोकसंख्या-अभ्यासकांच्या अंदाजाने त्या दुष्काळात तिथे सुमारे 39 लाख माणसे मेली. त्याला 'होलोदोमोर' म्हणतात, भुकेने मारणे. सोव्हिएत राजवटीत 1987 च्या अखेरपर्यंत या दुष्काळाचा सरकारी तोंडून उच्चार झाला नाही. म्हणजे जी राजवट जाती फोडत होती, तिच्याच काळात पुढे उरलेली जाती मांडणीवर चढली, आणि ती फोडलेली का नाहीत, बाकीची कुठे गेली, हे विचारण्याची सोय नव्हती. जाते खरे, पाटीही खरी, त्यावरची माहितीही खरी, आणि तरी सगळे मिळून खोटे, असे होऊ शकते. आम्ही मास्तरकी केलेली माणसे. धड्यातले प्रत्येक वाक्य बरोबर असून धडा चुकीचा असतो, हे आम्हांला नवीन नाही.

पेरेयास्लावला 1859 साली शोलेम अलेखेम हा यिद्दिश भाषेतला थोर लेखक जन्मला. टेकडीवरच्या एका घरात त्याचे संग्रहालय आहे. तो ज्या लोकांविषयी लिहीत असे ते यहुदी या शहरात पिढ्यान् पिढ्या राहत होते. 1941 मध्ये जर्मन आले आणि त्यांची कत्तल झाली. त्या घराला राखणदार होती, पाहुणेही होते, पण त्या भाषेत वाचणारा आम्हांला तिथे कुणी दिसला नाही.

आता तातार टेकडीकडे येतो. हे नाव का पडले? तातारांच्या स्वाऱ्यांच्या आठवणीवरून, असे लोक सांगतात. 1239 मध्ये बातूच्या मंगोल फौजेने हे शहर उद्ध्वस्त केले. पुढे क्रिमियाच्या खानांच्या काळात, पंधराव्या शतकापासून तीनशे वर्षे, घोडेस्वार उत्तरेकडे येत, गावे जाळत आणि माणसे पकडून नेत. केफेच्या बाजारात ती विकली जात. सुलेमान बादशहाची बेगम हुर्रम अशीच पकडून नेलेली युक्रेनी मुलगी होती, असे परंपरा सांगते. आपल्यातल्या पुष्कळांना हुर्रमची शान ठाऊक असते. जी हजारो हुर्रम झाली नाहीत त्यांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. त्यांच्या आया याच पांढऱ्या भिंतींच्या घरांत बसून राहिल्या. मारणारा आपल्या दीनाचा होता म्हणून ते आम्हांला हलके करून सांगता येणार नाही. टेकडीचे नाव तसेच राहू द्यावे.

पण त्याच तातारांचे पुढे काय झाले, हेही त्याच दमात सांगायला हवे. 18 मे 1944 च्या पहाटे स्तालिनच्या सैनिकांनी क्रिमियातल्या तातारांची दारे ठोठावली. आवरायला काही मिनिटे. बायका, म्हातारी, पोरे, सुमारे एक लाख नव्वद हजार माणसे तीन दिवसांत मालगाड्यांत कोंबून उझबेकिस्तान आणि उरलकडे नेली. पुरुष तेव्हा लाल सेनेत लढत असतील तरी त्यांची घरे सुटली नाहीत. पुढच्या चार-पाच वर्षांत क्रिमियातल्या हजाराहून अधिक गावांची नावे बदलली गेली. घरे मात्र मोडली नाहीत. त्यांत नवी माणसे राहायला आणली. बख्चिसरायचा खानांचा राजवाडाही पाडला नाही. तो संग्रहालय म्हणून चालू राहिला. वाडा आहे, कारंजे आहे, मशिदीचे मिनार आहेत, तिकीट आहे. ज्यांचे ते, ते दोन-तीन हजार किलोमीटरवर, परत यायला बंदी.

1980 च्या दशकाच्या अखेरीस ती माणसे परतू लागली. म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन आपापल्या जुन्या दारात जाऊन उभी राहिली. काही ठिकाणी नव्या मालकाने आत बोलावून चहा पाजला, काही ठिकाणी कुत्रे सोडले. घर परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी माळावर एकेका खोलीची घरे उभारली आणि हक्कासाठी तिथे ठाण मांडले. आणि नव्या मालकाचेही एक म्हणणे होते. तोही अनेकदा युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावातून सरकारने उचलून आणलेला. त्याची पोरे याच घरात जन्मली. अन्याय करणारा निघून जातो आणि दोन गरीब माणसे एका उंबरठ्यावर भांडत राहतात. 2014 साली रशियाने क्रिमिया घेतला. 2017 पासून राजवाड्याचे नूतनीकरण सुरू झाले, त्यात मोठ्या खान मशिदीचे जुने हाताने घडवलेले कौल नि ओकच्या तुळया काढून नवा माल घातला गेला, अशी तक्रार तातारांनी आणि युक्रेनने केली. डागडुजीच्या नावाखाली जुने काढून नवे बसवायचे आणि पाटी तीच ठेवायची, हीदेखील जपणुकीची एक जात आहे.

या दोन टेकड्या, दोन वाडे मनात शेजारी ठेवले की आमचा पहिला राग आम्हांला पुरत नाही. जपणे वेगळे आणि फेडणे वेगळे, हे खरे. पेरेयास्लावच्या टेकडीने आजींचे काही फेडले नाही. पण कर्जाचा कागद मोडून टाकण्यापेक्षा तो जपून ठेवणारा बरा, मग तो कागद धनकोच्या हातात नसला तरी. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असणे. तीत दोन अटी असतात: वस्तू बिघडवायची नाही, आणि ती आपली आहे असे म्हणायचे नाही. पहिली अट बहुतेक संग्रहालये पाळतात. दुसरी अवघड आहे. आजींनी ती पाळली होती. परक्या घराची जमीन दर वर्षी लिंपून त्या पहिल्या वाक्यातच म्हणाल्या होत्या, माझे इथे नाही.

आणि जपणारा तरी कुठवर जपणार? 24 फेब्रुवारी 2022 ला युद्ध पेटले. भाचा शेवटच्या वर्षाला होता. चार दिवस तळघरात काढून, रेल्वेत उभ्याने सीमा गाठून तो इतर हजारो भारतीय मुलांबरोबर परतला. कीव्हच्या उत्तरेला इवान्किवचे छोटे संग्रहालय दुसऱ्याच दिवशी जळाले. मारिया प्रिमाचेंको या खेडूत चित्रकर्तीची चित्रे गावकऱ्यांनी आगीतून बाहेर काढली. त्याच मे महिन्यात खार्किव भागातले तत्त्वज्ञ स्कोवोरोदाचे संग्रहालय क्षेपणास्त्राने उद्ध्वस्त झाले. हा स्कोवोरोदा एके काळी पेरेयास्लावच्या पाठशाळेत शिकवत असे.

6 जून 2023 ला द्नीप्रोवरचे काखोव्का धरण फुटले, फोडले गेले. खाली ओलेश्की गावात पोलिना रायको नावाच्या शेतकरी बाईचे घर होते. ही बाई 1928 ची. नवरा आणि मुलगी गमावल्यावर सत्तरीला टेकताना तिने पेन्शनच्या पैशातून रंग आणून आपल्या घराच्या भिंती, छत, दारे रंगवायला घेतली: पक्षी, फुले, देवदूत. 2004 मध्ये ती गेली. ते घर कुणी उकलून टेकडीवर नेले नव्हते. जिथे होते तिथेच होते. त्यात पाणी शिरले. एका धरणाच्या भरण्याने घरे गेली होती, दुसऱ्याच्या फुटण्याने गेली. वरच्या बाजूला दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा जलाशय रिता झाला, आणि 1950 च्या दशकात बुडालेली जमीन उघडी पडली. तिथे आता विलोंचे रान उगवले आहे. त्या गावांतली माणसे कुठे आहेत, हे विचारायला कुणाला सवड नाही. लढाई चालू आहे.

भाच्याने परत आल्यावर एकदा विचारले, "मामू, त्या आजी असतील का हो?" आम्हांला माहीत नाही. आम्ही त्यांचे नावही विचारले नव्हते.

निघताना मात्र त्यांनी एक गोष्ट विचारली होती. आमच्या गावाची हकिगत भाच्याने त्यांना सांगितली होती. बुडालेली कब्रस्ताने, अंगणातली चौकट, सारे. त्या ऐकत राहिल्या, मग त्यांनी भाच्याला काहीतरी विचारले. त्याला वाटले त्याने ऐकण्यात चूक केली, म्हणून पुन्हा विचारून घेतले. मग आमच्याकडे वळून तो म्हणाला, "त्या म्हणतात, तुमच्या नव्या गावाला नाव जुनेच ठेवले का?"

आम्ही म्हणालो, ठेवले. पाटीवर मागे कंसात 'नवीन' लिहितात, पण बोलताना कुणी म्हणत नाही.

भाच्याने ते त्यांच्या भाषेत सांगितले. त्यांनी मान हलवली आणि खुर्ची उचलून सावलीत सरकवली.